म्हसोबाला डावी फेरी

—त्या खुर्चीवर नको साहेब, तिचा मागचा पाय ढिला आहे, दिवाळीआधी एक इन्स्पेक्शनवाले साहेब तिच्यावरून फायलीसकट उताणे पडले होते— ही घ्या, लोखंडी. आणि तो स्पीकर जरा माझ्या बाजूला वळवा. तुम्हीच वळवा, मला हात लावू नको म्हणून बजावलंय. अजून थोडा. हां, पुरे. ‘सतरा पाचे पंच्याऐंशी’— ऐकलंत? ती आमची प्रभावती. माझ्या मेलेल्या बहिणीची पोर, मीच वाढवलेली. आत्ता या घडीला ती विमानात बसली आहे, चाकणच्या वर कुठंतरी, आणि तिथून पाढे म्हणतेय. तो आवाज विमानातून वर उपग्रहाकडं जातो, तिथून खाली आपल्या शेडवरच्या थाळ्यात पडतो आणि मग या डब्यात येतो. एवढा मोठा हेलपाटा! त्यापेक्षा खिडकीतून डोकं काढून ओरडली असती तरी भोसरीला ऐकू आलं असतं, तिचा गळा माझ्यावर गेलाय— बरं, नका हसू. मलाही हसू येत नाहीये. प्रभीनं सकाळी जाताना सांगितलं, मावशी, चौकशीचे साहेब येतील, त्यांच्यापुढं नीट बोल, हाय-न्हाई करू नको, आणि भांडू नको. म्हणून नीट बोलतेय. भांडण मागाहून.

विचारा ना, विचारा. नाव कस्तुराबाई. शिक्षण चौथी, निघोज्याच्या शाळेत, तेही पाढे पाठ होते म्हणून मास्तरांनी पुढं ढकललं. काम— घुमट. विमानाच्या पाठीवर ते पांढरं टेंगूळ बघितलंत ना, ते आम्ही बायकांनी केलंय. काचेचं कापड, त्यावर रेझिन, परत कापड, परत रेझिन. अंगाला अशी खाज सुटते की घरी गेलं की नवरा म्हणतो लांब बस. पत्र्याचा घुमट चालत नाही म्हणतात, पत्र्यात आवाज अडतो, काचेच्या कापडातून आरपार जातो. आणि त्या घुमटाच्या पोटात परात आहे. तुम्ही अँटेना म्हणा, आम्ही परात म्हणतो. इंजिनिअर अर्जुनरावसुद्धा परातच म्हणतात. एकदा घरी बोलता बोलता म्हणाले, आज परात नीट फिरली, तर बायको म्हणाली, तुम्ही इंजिनिअर म्हणून जाता की आचारी म्हणून?

तुम्हाला हे सगळं ठाऊक असणार. पण माझ्या तोंडून हवंय, ही बाई किती समजून बोलते ते बघायचंय— बघा मग. वरचा तो उपग्रह एका जागेवर बसलेला. विमान मात्र वळणार, कलणार, हेलकावे खाणार. आणि परातीचं तोंड सारखं त्याच्याकडंच राहायला पाहिजे, जरा हललं की आवाज गेला. जत्रेत कसं होतं, एक पोर आपल्या कडेवर आणि दुसरं पाळण्यात बसवलेलं— आपण भेळवाल्याकडं वळलो, बांगडीवालीकडं वळलो, तरी मान आपली त्या पाळण्याकडंच. तसं. विमान उजवीकडं वळलं की आतली मोटार परातीला तेवढंच डावीकडं फिरवते. आता परात अशी फिरत राहिली तर तिच्या वायरी पिळून तुटतील, म्हणून तिच्या बुडाशी पितळेची कडी आहेत, परातीच्या वायरी त्या कड्यांना सोल्डर केलेल्या, आणि त्या कड्यांवर कोळशाचे बोटभर ठोकळे घासत राहतात. ब्रश म्हणतात त्यांना. आवाज त्या घासण्यातून खाली उतरतो. आता तुम्ही म्हणाल हा खटाटोप कशाला, वैमानिकाकडं वायरलेस आहे की. आहे, हा काय तुमच्या टेबलावर त्याचा माईक. पण डोंगराआड गेलं, समुद्रावर लांब गेलं, की वायरलेस मुका. हा वरचा तिथंही ऐकतो. मग समुद्रावर एखादं विमान अडचणीत आलं तर— असं अर्जुनराव सांगायचे. आम्हाला काय, आम्ही आपलं कापड चिकटवत होतो. पण ऐकून बरं वाटायचं.

आणि ती कड्यांवरची सोल्डरिंग प्रभीची. म्हणून तर तुम्ही आलात.

‘एकोणीस चोक शहात्तर. एकोणीस पाचे पंच्याण्णव.’ काय स्वच्छ येतंय. तुम्ही मान डोलावताय, साहेब, मघापासून बघतेय मी, प्रत्येक पाढा पुरा झाला की तुमची मान डोलते. मला माहीत आहे ती का डोलते. मी अडाणी असेन पण बहिरी नाही, तुम्ही सकाळी अण्णासाहेब मालकांशी त्या पार्टिशनच्या पलीकडं बोलत होतात ते मी ऐकलंय. पहिल्या खेपेला विमान उडालं, पाहुणे बसलेले, हार-तुरे, पेढे, आणि पाढ्याची पार चाळणी झाली. मध्येच आवाज यायचा, मध्येच जायचा, प्रभी तेवीस चोक म्हणायची आणि पुढं नुसती खरखर. पाहुणे पेढे न खाताच गेले. मग ठरलं की सोल्डर कच्चं. मग मुंबईहून फिटर आणला, त्यानं प्रभीचे सगळे जोड उपसले आणि स्वतःचे मारले. तिच्यादेखत. आणि आज हे परत उडवलंय. म्हणजे आज पाढा तुटला नाही, तर मुंबईवाल्याचं सोल्डर पक्कं आणि प्रभीचं कच्चं— बरोबर? तसंच लिहिणार तुम्ही. उद्या तिच्या हातात कागद. आणि कागदावर ‘निष्काळजी’. एकदा हा शब्द लागला की पिंपरी नाही, चिंचवड नाही, तळेगावपर्यंत एकही कंपनी तिला दारात उभी करणार नाही, इथल्या शेडमधलं तिथं कळायला एक शिफ्ट पुरते.

आणि वरनं पाढे म्हणायलाही तिलाच बसवलंत! ती जेवढं चांगलं म्हणतेय तेवढी तिची नोकरी जातेय. कुणाचं हे डोकं? अर्जुनरावांना विमान लागतं, ठाऊक आहे, पहिल्या खेपेला त्यांनी टोपीत ओकारी केली. पण दुसरं कुणी नव्हतं? तिला काल विचारलं मी, तू का जातेस, गळा बसलाय म्हणून सांग. तर म्हणाली, मावशी, आवाज मुद्दाम खराब केला तर मग खरोखरच निष्काळजी होईन की. अशी आहे ती. आईवेगळी पोर, चार वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी पाढे म्हणायची आणि ती झोपेत पुढचं म्हणायची. मॅट्रिक झाली, चिंचवडला रेडिओचा कोर्स केला, वर्गात ही एकटी मुलगी, मास्तर म्हणाले, मुली, हात भाजतील. हिनं सांगितलं, चुलीवर भाजतात तेवढेच भाजतील. आता पर्मनंट व्हायची होती, साहेब. येत्या एक तारखेला.

हो, विषयावर येते. आलेच. तुम्ही लिहा तर. तिचं सोल्डर कच्चं असू शकत नाही, आणि ही मावशीची माया म्हणून बोलत नाही मी— चाचणी केली होती आम्ही! विमानावर चढवायच्या आधी पार महिनाभर! ते विचारलं का तुम्हाला कुणी? नाही ना? विमान रोज मिळत नाही, त्याचं भाडं परवडत नाही, म्हणून अर्जुनरावांनी युक्ती केली. हातगाड्यावर अख्खी परात चढवली, मोटारीसकट, कड्यांसकट, वर आमचा घुमट, आणि गाडा आवारात फिरवायचा. गाडा वळेल तशी आत परात उलटी वळणार, विमानात होतं तसंच. मागं फळीवर प्रभी बसलेली, हातात माईक, पाढे म्हणत. आवाज वर जाऊन इथं या डब्यात यायचा. आणि गाडा ओढायला आम्ही घुमटाच्या बायका, पुढं मी. शिफ्ट सुटल्यावर ओव्हरटाइममध्ये. शेजारच्या कंपनीतले लोक कुंपणाला लटकून बघायचे, म्हणायचे, मावशी, घाणा चालू झाला का, तेल किती निघालं? मी म्हणायची, या, तुम्हाला जुंपते, मग निघेल. ऊन असो, चिखल असो, खड्ड्यातून दणके बसायचे गाड्याला, प्रभीची जीभ चावली एकदा दातांत— आणि पाढा तुटला नाही! कच्चं सोल्डर असतं तर त्या दणक्यांनी टिकलं असतं? सांगा की. विमानात असले दणके तरी बसतात का?

कुठं फिरवत होतो म्हणजे? हे काय, या खिडकीतून दिसतंय. तो म्हसोबा. हा प्लॉट घेतला तेव्हा इथं शेत होतं आणि बांधावर म्हसोबा होता, अण्णासाहेबांनी गावाला शब्द दिला की देव हलवणार नाही. शब्द पाळला त्यांनी, उलट भोवती सिमेंटचा गोल कट्टा करून दिला. अख्ख्या आवारात तेवढीच जागा सपाट. त्याच्याभोवती फिरायचो.

कोणत्या बाजूनं?

हा काय प्रश्न झाला, साहेब? देवाला फेरी कोणत्या बाजूनं घालतात? तुम्ही घरी कशी घालता? तशीच. उजवी घालून. देव आपल्या उजव्या हाताला. पहिल्या दिवशी अर्जुनरावांनी खडूनं बाण काढला जमिनीवर, आणि बाण काढायच्या आधी बूट काढले. इंजिनिअर असले तरी रीत सोडलेली नाही माणसानं. गाडा सुरू करायच्या आधी आम्ही सगळ्या हात जोडायचो, नारळ मंगळवारी. आणि आज तर बघा, सकाळी वायरलेसवर लोहगावच्या विमानतळवाल्यांनी वैमानिकाला सांगितलं, आज पलीकडं लष्कराची विमानं आहेत, तुम्ही सगळी वळणं उजवीच घ्या. ऐकल्यावर मी म्हटलं, वा! म्हणजे वरनंसुद्धा म्हसोबाला उजवी घालूनच चाललंय. भोसरी, चाकण, तळेगाव करून परत. म्हणून तर इतकं सुरळीत चाललंय. ‘तेवीस चोक ब्याण्णव’— बघा, मागच्या खेपेला इथंच अडलं होतं.

उलटी? उलटी कशाला घालू? नाही. कधीच नाही. म्हणजे— एकदा. तो भीमराज, वेल्डर, उस्मानाबादकडचा, तो विहारात जाणारा, दगडाला काही मानत नाही. चांगला पोरगा आहे तसा. एक दिवस आमची एक बाई आजारी, म्हणून तो गाड्याला आला, आणि म्हणतो, मावशी, सारखं एकाच बाजूनं फिरून चक्कर येते, चला उलटं फिरवू. आणि फिरवलाच त्यानं गाडा! मी ओरडले. तो म्हणतो, दगडाला काय डावं-उजवं, मावशी? आणि त्याच क्षणी, साहेब, अंगावर काटा येतो सांगताना, त्याच क्षणी हा डबा खर्रर करून गेला. प्रभी पाढा म्हणतेय, तोंड हलताना दिसतंय मला, आणि डब्यातून अक्षर नाही. मी म्हटलं, बघ! बघ मेल्या, खवळला का नाही म्हसोबा? ढकलून दिला भीमराजला, गाडा परत उजवीकडं घेतला, लागलीच आवाज सुरू. शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि सगळ्यांना दम दिला की जो कोणी गाडा उलटा फिरवेल त्याचे पाय मोडीन. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही.

काय झालं? पेन का ठेवलंत?

हो, खरखरला. आत्ता सांगितलं ना. डाव्या फेरीला. हो, उजवीला घेतला की गप झाला. पुन्हा कशाला सांगू, कान नाहीत का तुम्हाला— हो! डावीकडं फिरवला की आवाज गेला, उजवीकडं फिरवला की आला! आणखी किती वेळा म्हणू, पाढा आहे का तो? तुमचा चेहरा असा का झाला? अहो, उठता कशाला?

ब्रश? ब्रशाचं काय?

थांबा. सावकाश सांगा. महिनाभर एकाच अंगानं फिरला— म्हणून ते कोळशाचे ठोकळे एकाच अंगानं झिजले— व्हय, म्हणजे चपलेसारखं. माझी चप्पल बाहेरच्या अंगानं झिजते, ती दुसरीच्या पायात बसत न्हाई, ती चालली की घसरती. तसं? उजव्या वळणाला बसायची सवय लागली, आणि डावं वळण आलं की ठोकळा कड्यावरून उचलतो? आणि उचलला की आवाज—

म्हंजे म्हसोबा न्हवता तो.

म्हंजे सोल्डर न्हवतं! सोल्डर न्हवतंच! पहिल्या खेपेला विमान दोन्हीकडं वळलं, म्हणून चाळणी झाली, आन् आज नुसतंच उजवीकडं वळतंय म्हणून— आन् तुमी मान डोलवत बसला होता! त्या मुंबईवाल्याचं सोल्डर असू दे न्हाईतर प्रभीचं असू दे, काय फरक न्हाई! बोला की तोंडानं! माझ्या पोरीची चूक न्हाई, म्हणा एकदा! न्हाई म्हणत? ‘तसं दिसतंय’— दिसतंय म्हंजे काय, साहेब? मी सांगितलं ते तुमाला पुरं पडत न्हाई. एका बाईनं सांगितलं, म्हसोबाजवळ खरखरलं होतं— हे मालकांपुढं ठेवलं तर मालक हसतील. बरोबर हाय. मीबी हसले असते.

मग आता काय? तो माईक का उचलला? वायरलेसचा हाय तो. कुणाला— वैमानिकाला?

न्हाई. न्हाई साहेब. ठेवा तो खाली. तुमचा हात सोडते, तुमी आधी माईक ठेवा. डावीकडं वळवायचं न्हाई ते विमान. पोर हाय आत. तुमाला समजत न्हाई, तुमी शिकलेली माणसं, तुमच्या लेखी नुसतं एक वळण. भोसरीवरनं उडतंय ते, म्हंजे ह्याच्या डोक्यावरनं, ह्या म्हसोबाच्या. त्याला डावी फेरी? उलटी फेरी कशाला घालत्यात ठाव हाय? सरणाला घालत्यात. तिच्या आईच्या सरणाला घातलेली मी लांबनं बघितलीया, बांधावर उभी राहून, हीच पोर माझ्या कडेवर. तवा मला म्हणाली, मावशी, ते उलटं का फिरतायत? मी तिचं तोंड पदराखाली घेतलं. आन् आता तुमी म्हणता तिलाच आत बसवून—

काय म्हणता, लोहगावनं आत्ताच डाव्या वळणाला परवानगी दिली? दिली तर दिली! त्यांचं काय जातंय? लष्कराची विमानं उतरली असतील, वाट मोकळी असंल, पण ही वाट न्हवं.

उद्या करा. प्रभी उतरू दे, मग दुसरं कुणी बसवा, तो मुंबईवाला बसवा, आन् मग वळवा डावीकडं, दहादा वळवा. का? परत विमान न्हाई मिळणार? भाडं आजच्यापुरतंच भरलंय? म्हंजे आज ती नुसती उजवीकडं फिरून खाली उतरली, तर तुमच्याजवळ लिहायला एकच गोष्ट— पाढा तुटला न्हाई.

‘अठ्ठावीस दुणे छप्पन्न. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी.’

अठ्ठावीसचा आला. ह्याच्यानंतर एकोणतीसचा, आन् मग उतरणार. तीसचा ती म्हणत न्हाई, तीसचा म्हंजे तीनाला शून्य जोडायचं, त्यात कसली परीक्षा. एकोणतीस शेवटचा. लहानपणी ह्याच पाढ्याला रडायची.

साहेब, एक विचारते, खरं सांगायचं. डावीकडं वळलं आन् आवाज तुटला, तर नुसता आवाजच तुटंल ना? विमानाला काय न्हाई? पंख्याला, इंजिनाला, कशाला? ते वेगळं, हे वेगळं. शपथ घ्या. न्हाई, देवाची नको, तुमच्या लेकराची घ्या. हां.

आन् आवाज तुटला की प्रभीच्या नावावरचा डाग गेला. मग कुणाच्या नावावर? कुणाच्या तरी लिहावं लागंल ना तुमाला? मोकळी जागा तर ठेवत न्हाईत तुमच्यात. चाचणी नीट झाली न्हाई, असं लिहाल. चाचणी कुणी केली? बाण अर्जुनरावांनी काढला. पण तुमी अर्जुनरावांचं नाव लिहिणार न्हाई, खाली बघू नका, मला ठाव हाय. ते इंजिनिअर, प्राधिकरणाच्या प्लॉटवर बंगला बांधतायत, तुमी रात्री त्यांच्याकडंच जेवला. आन् त्यांना तरी काय म्हणायचं? त्यांना कुणी सांगितलं होतं का उजवीकडंच बाण काढा म्हणून? कुणीच न्हाई सांगितलं. हे सांगावं लागतं का? मालक बघत होते, फोरमन बघत होता, आमी सगळ्या होतो, एकाच्याबी मनात आलं न्हाई की दुसरी बाजू असते. एकट्या भीमराजच्या आलं, तर त्याला मी हाकलला.

तर मग लिहा— कस्तुराबाई. गाडा मी ओढत होते, उलटा फिरवू दिला न्हाई, पाय मोडायची भाषा केली, खरखरलं ते लपवलं. हो, लपवलं लिहा, तसं लिहिलं की मालकांना पटंल. म्हसोबाचं नाव तुमाला लिहिता येत न्हाई, अर्जुनरावांचं लिहायला तुमचा हात उचलत न्हाई, माझं लिहायला काय हरकत हाय? बाण? बाण कधीच धुऊन गेला, साहेब. माझं काय, घुमट न्हाई तर दुसरं काही, खाज तरी जाईल अंगाची.

सांगा त्यांना. डावीकडं घ्या म्हणावं. लवकर सांगा, अठ्ठावीसचा संपला.

थांबा— ती खिडकी उघडू दे मला. म्हसोबा, इकडं बघ. मी बोलतेय, कस्तुरा. वर बघू नको, इकडं बघ. ही जी फेरी पडणार हाय ना डावी, ती पोर न्हाई घालत. तिला तर ठावच न्हाई, ती पाढे म्हणतेय. ही फेरी मी घालतेय. तिच्या नावावर धरू नको. माझ्या धर. नारळ मंगळवारी देते, न्हाई, आज देते, सांजच्या आत देते— काय म्हणाला वैमानिक? घेतो म्हणाला? घेतलं?

ते बघा. ते बघा, कंपनीच्या टाकीच्या वरनं, दिसतंय का, चमकलं बघा. कललं. कललं साहेब, डाव्या अंगावर कललं.

‘एकोणतीस एके एकोणतीस.’

गप बसा. हलू नका.

‘एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.’

येतोय की आवाज! साहेब, येतोय की अजून! मग ते ब्रशाचं— तुमी तर म्हणाला होता— तूट की गं बाई, तूट! कधी न्हाई ते मागतेय, प्रभे, तूट—

‘एकोणतीस त्रिक—’

.

ऐकलंत?

सत्त्याऐंशी न्हाई आलं. खरखर हाय नुसती. ऐका, कान लावा, हवं तर डब्याला हात लावून बघा, तुमाला परवानगी हाय. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी ही पोर झोपेत चुकत न्हाई. ती म्हणतेय तिथं, वर बसून, तोंड हलतंय तिचं, मला दिसतंय. नुसतं इथं येत न्हाई.

लिहा. पेन उचला आन् लिहा. आधी तिचं लिहा, दोष न्हाई असं. स्वच्छ अक्षरात. मग माझं. कस्तुराबाईतला ‘स्तु’ जोडाक्षर हाय, मागच्या पगाराला चुकवला होता.

झालं? मग आता उठा तुमी. चहा पार्टिशनच्या पलीकडं ठेवलाय, अण्णासाहेबांबरोबर घ्या. ही खुर्ची मला द्या आन् तो वायरलेसचा माईक तसाच ठेवा. वैमानिकाला उजवीकडं घ्यायला सांगितलंत ना? मग जा. आवाज परत येईस्तोवर मी हितं बसणार हाय, आन् कुणी बोललेलं मला चालणार न्हाई. दार ओढून घ्या.